डेक्कन कॉलेजातील भाषा-प्रकल्प : देवाणघेवाणीचे स्वरूप

१९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ यांची एक परिषद भरली. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने पुढे जो भाषा-प्रकल्प उभा राहिला, त्याचा उगम या परिषदेत आहे. त्या प्रकल्पाची हकीकत बहुधा परकीय देणगीची हकीकत म्हणून सांगितली जाते. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे.

परदेशी विद्यापीठांशी येथील विद्वानांचा संबंध त्यापूर्वीही होता. वि. सी. सुखटणकर बर्लिनहून, तर प्रकल्पाच्या काळी कॉलेजचे संचालक असलेले सु. मं. कत्रे लंडनहून डॉक्टर होऊन आले. तथापि हा संबंध व्यक्तीपुरता राही. विद्वान जाई, पदवी घेऊन परते आणि एकाकी काम करी. ग्रंथांचा प्रवासही असाच संथ असे. झूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी केलेले त्याचे भाषांतर १९४१ साली निघाले.

कत्रे यांनी हा क्रम उलटा केला. विद्यार्थी परदेशी धाडण्याबरोबरच अध्यापकांनाच येथे आणावयाचे, ही त्या योजनेतील खरी नवी गोष्ट होय. १९५४ पासून हिवाळी व उन्हाळी भाषाशास्त्र-शाळा सुरू झाल्या. फेअरबँक्स, फर्ग्युसन, गंपर्झ अशी मंडळी प्रकल्पाच्या निमित्ताने येथे शिकवून गेली. संस्कृत-प्राकृताच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकांपुढे आता पोथीऐवजी जिवंत भाषक बसू लागला. त्याचे उच्चार टिपावयाचे आणि त्यांतून स्वनिम वेगळे काढावयाचे, हा अभ्यास सुरू झाला. अशोक रा. केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. पुढे ते डेक्कन कॉलेजातच दीर्घकाळ अध्यापक होते.

आलेले पाहुणेही रिकाम्या हातांनी परतले नाहीत. उत्तर भारतातील एका खेड्यात जातीपरत्वे बोली कशी पालटते, याविषयीचा गंपर्झ यांचा लेख १९५८ साली प्रसिद्ध झाला. फर्ग्युसन व गंपर्झ यांनी संपादित केलेला दक्षिण आशियातील भाषिक वैविध्यावरील संग्रह १९६० साली निघाला. एकजिनसी भाषा गृहीत धरणाऱ्या तत्कालीन वर्णनपद्धतीला भारतीय समाजाने विचारलेला हा प्रश्नच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. समाजभाषाशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे.

जमेबरोबर खर्चाची बाजूही नोंदविली पाहिजे. वर्णनाच्या नव्या उत्साहात ऐतिहासिक व्याकरण काहीसे मागे पडले. शिवाय या साऱ्या लेखनाची भाषा मुख्यतः इंग्रजी राहिली. मराठी वाचकाला आपल्या भाषेविषयीचे नवे शास्त्र आपल्या भाषेत क्वचितच मिळाले. ठळक अपवाद ना. गो. कालेलकरांचा. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कालेलकर डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असले, तरी त्यांची विद्या पॅरिसची होती.