वैशाखातलं तरतं घर

शके 1803, वैशाखी पौर्णिमा. इंग्रजी तारखांच्या हिशेबाने 1881 चा मे महिना अर्ध्यावर आलाय. विजयदुर्गाला वळसा घालून तुमची फत्तेमारी भरतीच्या पाण्यावर वाघोटनच्या खाडीत शिरते आहे. ऊन माथ्यावर चढतंय. पायाखालच्या सागवानी फळ्या अशा तापल्यात की एका जागी उभं राहवत नाही. चपला नाहीत, इथे कुणाच्याच पायात नाहीत. सुकाणूवरचा तांडेल तळवे टेकून निवांत उभा आहे आणि त्याची नजर काठावरच्या ओल्या वाळूच्या रेघेवर आहे.

"पावण्यानू, सावलीत बसा," तो तुम्हाला सांगतो आणि पुन्हा रेघेकडे बघतो.

मुंबईची एक खेप बाकी आहे. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. पण त्या खेपेआधी गलबताची डागडुजी व्हायला हवी, आणि तिची वेळ घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. तांडेलाचा हिशेब सरळ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ कळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाणी त्या सुमाराला चढेल, थबकेल आणि उतरू लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर या किनाऱ्यावर दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा चढी असते, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणजे आत्ता वाळूवर चढवलेलं गलबत मध्यरात्रीच्या पाण्याने हलणार नाही. उद्या दुपारचं पाणी ते उचलेल. मध्ये दोन ओहोट्या मिळतील, एक सूर्यास्ताजवळची आणि एक सूर्योदयाजवळची.

यातली खुबी लक्षात घ्या. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर तळ उघडा पडतो तो सकाळी आणि संध्याकाळी. वैशाखात माणसाला अंगमेहनत झेपते तीही याच वेळांना.

तळ वाळूला लागल्याचा घसारा तुम्हाला पायांतून कळतो. खलाशी दोन्ही कुशींना टेकू लावतात, दोर ताणून बांधतात. पाणी उतरू लागतं. आता चार-पाच तास तळाला हात लावता येणार नाही, म्हणून घरातली कामं सुरू होतात.

घरच आहे हे. सात-आठ माणसं आठ महिने इथेच रांधतात, जेवतात, झोपतात. आधी सावली. जुनं, विरलेलं शीड दोन डोलकाठ्यांच्या मधल्या दोरावर टाकून दोन्हीकडे उतरतं बांधलं जातं. त्याच्या फाटक्या जागेवर एक म्हातारा खलाशी ठिगळ लावतोय. दाभण कापडातून ओढताना तो दर टाक्याला दोरा मेणावर घासतो. तुम्ही शीड धरून बसता. वारा पडलाय, तरी कापडाची खालची कड वीतभर उचलून धरली की अंगावर झुळूक येते. म्हातारा मान हलवतो आणि कड तेवढ्याच उंचीवर बांधून टाकतो.

मग चूल. लाकडी गलबतावर विस्तव म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून चूल एका लाकडी खोक्यात असते. खोक्यात वाळूचा थर आणि त्यावर जाड माती लिंपलेली. महिनाभराच्या हेलकाव्यांनी मातीला भेगा पडल्यात. स्वयंपाकाचा पोरगा जुनी माती खरवडून काढतो, किनाऱ्यावरची चिकणमाती भाताच्या तुसात मळतो आणि थापून नवी बसवतो. तूस कशाला, असं तुम्ही विचारता. नुसती माती वाळताना तडकते, तुसाने ती धरून राहते, असं तो हात न थांबवता सांगतो. आज जेवण किनाऱ्यावर, तीन दगडांवर: भात, सुक्या बांगड्याचं तिखलं आणि कोकमाचं सार. उन्हाने मळमळणाऱ्या पोटाला त्या साराइतका दुसरा उतारा इथे कुणाला माहीत नाही.

पाण्याचं लाकडी टाकं रिकामं करून आतून घासलं जातं आणि उलटं घालून उन्हाला दाखवलं जातं. ते भरायचं अगदी शेवटी, निघायच्या आधी, विहिरीच्या पाण्याने. पिण्याचा माठ वेगळा. त्याला ओलं फडकं गुंडाळून तो मागच्या बाजूला वाऱ्यावर टांगतात. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा दमट असतो, त्यात माठ जेमतेम निवतो. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो कोरडा. म्हणून पाणी सर्वांत गार मिळतं पहाटे, आणि खलाशी पोटभर पाणी पितात तेही तेव्हाच.

चारच्या सुमाराला हाक येते. खाडी दूर सरकली आहे, फत्तेमारी वाळूवर उघडी उभी आहे. तळाला शिंपल्या, शेवाळ, चिकट गाळ. तुमच्या हातात खरवडणी देतात. वास नाकात शिरतो, शिंपल्यांच्या धारेने बोटं कापतात आणि खारं पाणी त्यात झोंबतं. खरवडून झालं की सुक्या झावळ्या पेटवून जाळ तळाखालून फिरवतात. फळीत शिरून लाकूड पोखरणारा समुद्रकिडा त्या आचेने मरतो. जाळ धरणाऱ्याची नजर क्षणभरही ढळत नाही. एका जागी आच थांबली तर फळी गेली, लवकर सरकली तर किडा वाचला.

मग सांधे. फळ्यांच्या मधल्या फटीतला जुना कापूस उकरून काढायचा, तेलात आणि राळेत भिजवलेला नवा कापूस पिळून त्यात बसवायचा आणि बोथट छिन्नीवर मोगरी मारत ठासायचा. कारागीर डोळे मिटून आवाज ऐकतो. पोकळ असेपर्यंत ठोका दबका येतो. सांधा भरला की आवाज खणखणीत होतो. तो तुमच्या हातात मोगरी देतो. तुमचे ठोके बराच वेळ दबकेच येतात. मग एक ठोका बदलतो, आणि कारागीर काही न बोलता पुढच्या फटीकडे बोट दाखवतो. शेवटी चुना आणि चरबी एकत्र मळून तळाला हाताने लेप देतात. पाण्याच्या वरच्या फळ्यांना माशाचं तेल. त्याचा वास पुढचे कित्येक दिवस तुमच्या कपड्यांना राहणार आहे.

एक कूस झाली. चंद्र वर येतो. मध्यरात्री पाणी येऊन टेकूंना लागतं, गलबत जरासं कुरकुरतं, पण उचललं जात नाही. पहाटे दुसरी कूस. ऊन तापायच्या आत लेप पुरा होतो. दुपारी कालच्यापेक्षा सुमारे पाऊण तास उशिराने चढलेलं पाणी फत्तेमारीला अलगद उचलतं.

आता माल. आंब्याच्या करंड्या होड्यांतून येतात. गलबताच्या पोटात तळावर बांबूच्या तट्ट्या टाकल्यात, म्हणजे खाली साचणारं पाणी करंड्यांना लागणार नाही आणि हवा खेळेल. कोंडलेल्या उष्म्यात आंबा मुंबईआधीच पिकून उतरेल, म्हणून दोन रांगांत फट ठेवतात आणि दिवसा पोटावरची झाकणं उघडी टाकतात.

किनाऱ्याची जमीन रात्री लवकर निवते, समुद्र निवत नाही. म्हणून मतलई वारा सुटतो. त्या वाऱ्यावर तुम्ही उत्तरेला निघता. पूर्णगड, रत्नदुर्ग, जयगड असे किल्ले एकेक करून उजवीकडे मागे पडतात. सकाळी उशिरा वारा मरतो, नांगर पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. जायचंय त्याच दिशेने तो येतो, म्हणून शीड फिरवत, कधी खोल समुद्रात तर कधी किनाऱ्याकडे, नागमोडी पुढे सरकायचं.

उजाडताना आणि दिवस कलताना एक काम चुकत नाही. बादलीने समुद्राचं पाणी ओढून वरच्या सगळ्या फळ्यांवर ओतायचं. तुमची पाळी येते तेव्हा तुम्ही वाकून बघा. दुपारच्या उन्हाने दोन फळ्यांच्या मध्ये केसाएवढी रेघ उघडली आहे. पाणी तिच्यात शिरतं, बुडबुडा येतो, लाकूड ते पिऊन घेतं. थोड्या वेळाने रेघ दिसेनाशी होते. गोडं पाणी असं रोज ओतलं तर लाकूड कुजेल. खाऱ्याने ते टिकतं. याच पाण्याने फळ्या निवतात आणि त्यांवर घोंगडी टाकून झोपता येतं. फट बुजवणं आणि अंथरूण गार करणं हे एकाच बादलीत होतं.

हर्णै, बाणकोट, जंजिरा. मग एका रात्री खांदेरीचा दिवा दिसतो, 1867 पासून जळणारा, आणि त्याच्या पुढे कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्जचा, 1875 चा. आगबोटींसाठी मुंबईत गेल्याच वर्षी प्रिन्सेस डॉक उघडलाय. तुमचा माल भाऊच्या धक्क्याला उतरतो. परतल्यावर फत्तेमारी ओंडक्यांवरून काठावर ओढली जाईल, शिडं-दोर उतरतील आणि नारळाच्या झापांनी तिला शाकारलं जाईल.

आता तुमच्या काळात या. गलबतांची ती रहदारी गेली, पण कोकणच्या खाड्यांतून लाकडी होड्यांची कामं करणारे हात अजून आहेत. होड्यांची मापं आणि चित्रं संग्रहालयांत राहतील. कामाची वेळ मात्र माणसाबरोबर जाते. कोणत्या तिथीला होडी वाळूवर घ्यायची, आच किती वेळ धरायची, सांधा भरल्याचा आवाज कसा येतो, फळ्यांवर पाणी कधी ओतायचं, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. यंत्राशिवाय, बर्फाशिवाय, भर वैशाखात माणसांनी लाकडाचं घर तरतं आणि राहण्याजोगं ठेवलं ते या ज्ञानावर. ते पुढच्या पिढीला मिळावं, इतका त्या माणसांचा आपल्यावर हक्क आहे.