ग्रोस पॉइंटचा दिवा

उन्हाळा लागला की शिकागोकडच्या आपल्या घरांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. भारतातून आलेल्या आई-बाबांना डाउनटाउन दाखवून झालं, देवळं झाली, की पुढे काय हा प्रश्न पडतो. अशा वेळी आम्ही शेरिडन रोडने इव्हान्स्टनला जातो आणि मिशिगन सरोवराच्या काठावरचं ग्रोस पॉइंट दीपगृह दाखवतो. "तळ्याला कशाला हवं दीपगृह?" असं प्रत्येक पाहुणा विचारतो. पैलतीर न दिसणारं पाणी समोर आलं की मग गप्प होतो.

ग्रोस पॉइंट म्हणजे फ्रेंच भाषेत 'मोठं टोक'. इथे जमीन पाण्यात पुढे आलेली, आणि भोवती उथळ पाणी. शिकागोला ये-जा करणाऱ्या जहाजांना ही जागा नेहमीच धोक्याची होती. पण दिवा लागायला एक मोठा अपघात व्हावा लागला.

८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे 'लेडी एल्गिन' ही आगबोट शिकागोहून मिलवॉकीला परतत होती. बोटीवर बहुतांश मिलवॉकीच्या आयरिश वस्तीतली मंडळी, सहलीला आलेली. वादळात लाकूड वाहून नेणारं 'ऑगस्टा' हे शिडाचं जहाज तिच्यावर आदळलं आणि अर्ध्या तासाच्या आत बोट फुटली. सुमारे ३०० माणसं गेली. कित्येक जण फळ्यांना धरून किनाऱ्यापर्यंत पोचले, पण शेवटच्या लाटांनी त्यांना ओढून नेलं. एडवर्ड स्पेन्सर नावाच्या इव्हान्स्टनच्या एका विद्यार्थ्याने कमरेला दोर बांधून पुन्हा पुन्हा पाण्यात उडी घेतली आणि १७ जणांना बाहेर काढलं.

त्यानंतर इथल्या रहिवाशांनी सरकारकडे दीपगृहाची मागणी केली. खरं सांगायचं तर ती टक्कर दीपगृहाने टळलीच असती असं नाही, कारण शिडाच्या जहाजांवर दिवे लावण्याचा कायदाच मुळी १८६४ मध्ये झाला. पण किनारा अंधारात असू नये, एवढं लोकांना पटलं होतं. मध्ये यादवी युद्ध आलं. शेवटी १८७३ मध्ये मनोरा पुरा झाला आणि मार्च १८७४ मध्ये दिवा लागला.

मनोऱ्याचा आराखडा ऑर्लांडो पो या लष्करी अभियंत्याचा. उंची ११३ फूट, वर निमुळता होत जाणारा विटांचा गोल मनोरा. भिंती दुहेरी, मध्ये हवेची पोकळी. खिडक्या कमानीच्या, आणि माथ्याखालच्या गॅलरीला खालून नक्षीदार ब्रॅकेटांचा आधार. आत १४१ पायऱ्या आहेत. सरोवराच्या थंडीपाण्याने विटा झडू लागल्या, म्हणून १९१४ मध्ये बाहेरून काँक्रीटचा थर दिला. आज दिसतो तो हाच.

खरं वैभव मात्र वर आहे. फ्रान्समध्ये बनवलेली फ्रेनेल पद्धतीची, 'दुसऱ्या श्रेणी'ची काचेची भिंग-रचना. एकाच ज्योतीचा इतस्ततः पसरणारा प्रकाश लोलकांच्या चकत्यांनी वाकवून एका झोतात बांधायचा, ही तिची युक्ती. घरातल्या समईपुढे अनेक आरसे नीट कोनात धरले तर जे होईल, तसंच काहीसं.

आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांशी नातं सांगणाऱ्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह झालं, आणि मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं, म्हणजे ग्रोस पॉइंटच्या पुढल्याच वर्षी. हे ऐकलं की पाहुण्यांचा चेहरा खुलतो!

१९३५ मध्ये दीपगृह इव्हान्स्टनच्या ताब्यात आलं. महायुद्धात बंद झालेला दिवा १९४६ पासून पुन्हा लागतो, आणि १९९९ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. सरकारने सोडलेला दिवा गावाने विझू दिला नाही, हे आम्हाला विशेष वाटतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह वर जाता येतं. लहान मुलांना वर सोडत नाहीत, म्हणून आधी चौकशी करून निघावं.

त्या रात्री गेलेली बरीचशी माणसं दुसऱ्या देशातून इथे येऊन संसार थाटणारी होती, आपल्यासारखीच. म्हणून परत फिरताना आम्ही मुलांना थोडा वेळ पाण्याकडे तोंड करून उभं राहायला सांगतो. एवढी आठवण पुरे.