वसंतातील स्कीइंग आणि रेल्वे कंपनी : सन व्हॅलीच्या जडणघडणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाबळेश्वर, माथेरान यांसारखी गिरिस्थाने वसाहतकाळात कशी वसली, हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. तेथे माणसे उन्हापासून सुटका करून घेण्यासाठी डोंगर चढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप व अमेरिकेतील काही डोंगरांत मात्र नेमके उलट घडले. तेथे माणसे ऊन मिळावे म्हणून बर्फात जाऊ लागली. मार्च-एप्रिल महिन्यांत मोठ्या पर्वतीय पर्यटनकेंद्रात जाऊन आठ-दहा दिवस स्कीइंग करण्याची प्रथा आज पाश्चात्त्य मध्यमवर्गात रूढ झाली आहे. बर्फ वितळू लागण्याचा काळ हाच बर्फावरील खेळाचा आवडता काळ ठरावा, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. ही विसंगती कशी नाहीशी झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील सन व्हॅली या केंद्राच्या आधारे घेतला आहे. १९३६ मध्ये सुरू झालेले हे केंद्र एका रेल्वे कंपनीने उभारले होते. वसंतातील स्कीइंगला आजचे स्वरूप येण्यात बर्फाच्या गुणधर्माइतकाच या कंपनीच्या गरजांचा आणि तिच्या अभियंत्यांनी केलेल्या एका यंत्राचा वाटा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बर्फ, ऊन आणि वेळ

वसंतातील बर्फाचे गुणधर्म समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास समजणे कठीण आहे. हिवाळ्यात पडणारे हिम भुसभुशीत असते. मार्चनंतर दिवसा उन्हाने त्याचा वरचा थर वितळतो, आणि निरभ्र रात्री उष्णता आकाशात निघून गेल्यामुळे तोच थर पुन्हा गोठतो. हे चक्र अनेक दिवस चालले की हिमस्फटिकांची टोके झिजतात व त्यांचे गोल, जाडसर कण तयार होतात. इंग्रजी भाषक स्कीपटू या बर्फाला मक्याच्या दाण्यांची उपमा देतात. पहाटे हा बर्फ दगडासारखा कठीण असतो. ऊन चढले की वरचा दोन-तीन बोटे जाडीचा थर सैल होतो, खालचा टणकच राहतो. अशा पृष्ठभागावर वळणे घेणे सर्वांत सुलभ व आनंददायक असते. दुपारनंतर मात्र सगळाच चिखल होतो, पायातील पट्ट्या रुततात आणि ओल्या हिमाचे लोट कोसळण्याचा धोका वाढतो. पूर्वेकडील उतार आधी, मग दक्षिणेकडील आणि शेवटी पश्चिमेकडील उतार या अवस्थेतून जातात. म्हणजेच एका ठिकाणी उत्तम बर्फ तास-दोन तासच टिकतो.

ही गोष्ट युरोपातील स्कीपटूंना चांगली ठाऊक होती. आल्प्समधील वसंतकालीन स्कीइंगचा आग्रहाने पुरस्कार करणाऱ्यांत सर अर्नोल्ड लन यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म १८८८ मध्ये मद्रास येथे झाला. वडील हेन्री लन हे मेथडिस्ट वैद्यकीय मिशनरी म्हणून भारतात आले होते. पुढे त्यांनी इंग्रज प्रवाशांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा व्यवसाय केला. अर्नोल्ड यांनी १९२२ मध्ये म्यूरेन येथे आधुनिक स्लॅलम शर्यत सुरू केली आणि जून १९१७ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, ४,५४५ मीटर उंचीचे डोम शिखर स्कीच्या साह्याने गाठले. त्यांनी १९२८ मध्ये हानेस श्नायडर यांच्यासह सुरू केलेल्या आर्लबर्ग-कंदाहार शर्यतीच्या नावातील ‘कंदाहार’ हे एकेकाळी हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या किताबातून आलेले आहे. अफगाणिस्तानातील एका शहराचे नाव आल्प्समधील खेळाला चिकटावे, हा साम्राज्याच्या इतिहासातील एक गमतीदार योगायोग होय. खुद्द हिंदुस्थानातही १९२७ मध्ये गुलमर्ग येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. त्याचे मेळावे नाताळात व ईस्टरच्या सुमारास भरत. हिवाळा आणि वसंत असे दोन हंगाम तेथेही मानले गेले होते.

तथापि लन यांच्या पिढीचे वसंतातील स्कीइंग हे मूलतः गिर्यारोहण होते. अंधारात निघायचे, चार-पाच तास चढायचे आणि बर्फ योग्य अवस्थेत आला की एकदा, फक्त एकदा, खाली यायचे. ज्याच्या अंगी दम आहे आणि ज्याला डोंगराची जाण आहे, त्याच्यापुरताच हा आनंद मर्यादित होता. त्यातून पर्यटनव्यवसाय उभा राहणे शक्य नव्हते.

केचम आणि युनियन पॅसिफिक

१९३२ मध्ये ॲव्हरेल हॅरिमन युनियन पॅसिफिक रेल्वेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा महामंदी ऐन भरात होती आणि प्रवासी वाहतूक कोसळली होती. मोटारगाडीची स्पर्धा होतीच. कंपनीने १९३४ मध्ये वेगवान, सुडौल अशी नवी गाडी बांधून प्रवाशांना परत आणण्याचा प्रयत्न केला. परंतु गाडी कितीही देखणी असली तरी प्रवाशाला कोठेतरी जायचे असावे लागते. उन्हाळ्यात यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने होती. हिवाळ्यात व वसंतात काय, हा प्रश्न होता. १९३२ मध्ये लेक प्लॅसिड येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमुळे अमेरिकेत स्कीइंगविषयी कुतूहल वाढले होते. हॅरिमन यांना आल्प्समधील केंद्रांची माहिती होती. त्यांनी ऑस्ट्रियातील काउंट फेलिक्स शाफगॉच यांना १९३५-३६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात जागा शोधण्यासाठी पाठवले.

शाफगॉच यांनी अनेक जागा नाकारल्या. काही ठिकाणी वारा फार होता, काही फार उंचावर होत्या, तर काही कंपनीच्या लोहमार्गापासून दूर होत्या. शेवटचा निकष विशेष बोलका आहे. अखेर त्यांची निवड आयडाहोतील केचम गावाजवळच्या दरीवर स्थिरावली. सुमारे ५,९०० फूट उंचीची ही दरी डोंगरांमुळे वाऱ्यापासून सुरक्षित होती, कित्येक उतारांवर झाडी नव्हती आणि ऊन भरपूर होते. शिवाय शोशोनहून येणारा कंपनीचा फाटा १८८४ पासून केचमपर्यंत आलेला होता. माथेरानमध्ये गिरिस्थान आधी वसले आणि १९०७ मध्ये रेल्वे मागाहून आली. येथे रेल्वे आधी होती, आणि तिने स्वतःसाठी गिरिस्थान घडवले.

ही दरी रिकामी होती असे मानणे चूक ठरेल. दक्षिणेकडील कॅमस प्रेअरीवर शोशोनी व बॅनॉक जमाती वसंताच्या अखेरीस कॅमस नावाच्या वनस्पतीचे कंद खणून वर्षाचा साठा करीत. वसाहतवाल्यांच्या गुराडुकरांनी ते कंद उद्ध्वस्त केल्यामुळे १८७८ चे बॅनॉक युद्ध पेटले आणि त्यानंतर या लोकांचा त्या भूमीवरील वावर जवळजवळ संपुष्टात आला. १८८० च्या दशकात चांदी व शिसे यांच्या खाणींमुळे केचमला भरभराट लाभली. पुढे चांदीचे भाव पडल्यावर ते मेंढ्यांचे गाव बनले. दर वसंतात स्नेक नदीच्या मैदानातून कळप वरच्या कुरणांकडे जात, शरदात परत येत आणि रेल्वेने बाजारात रवाना होत. वसंत म्हणजे प्रथम कंदांचा आणि नंतर मेंढ्यांचा हंगाम, असाच येथील ऋतूचा अर्थ होता. कंपनीने सुमारे चार हजार एकरांचे एक पशुपालन क्षेत्र विकत घेतले, तेव्हा या अर्थात आणखी एका हंगामाची भर पडली.

खुर्ची आणि जाहिरात

प्रसिद्धीचे काम स्टीव्ह हॅनगन यांच्याकडे सोपवण्यात आले. मायामी बीच या उष्ण किनाऱ्याला नावारूपाला आणण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांना थंडीची आवड नव्हती आणि बहुधा म्हणूनच त्यांना ग्राहकाचे मन अधिक नेमके कळले. बर्फात कुडकुडण्यासाठी कोणी पैसे मोजणार नाही, हे त्यांनी ओळखले. ‘सन व्हॅली’ हे नाव त्यांचेच. उघड्यावर गरम पाण्याचे तलाव हवेत, उत्तम दर्जाचे हॉटेल हवे आणि माणसाला डोंगर चढण्याचे कष्ट पडता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. उन्हाळी उन्हात हिवाळी खेळ, अशा आशयाचे घोषवाक्य घेऊन निघालेल्या भित्तिचित्रावर कमरेच्या वर उघडा असलेला एक तरुण स्कीइंग करताना दिसतो. हे छायाचित्र न्यूयॉर्कमधील एका स्टुडिओत घेतले होते, असे सांगितले जाते.

चढण्याचे कष्ट टाळण्याचा प्रश्न ओमाहा येथील कंपनीच्या कार्यालयातील अभियंता जेम्स करन यांनी सोडवला. उष्ण कटिबंधातील बंदरांत केळ्यांचे घड आकड्यांना टांगून जहाजावर चढवणारी यंत्रणा त्यांना माहीत होती. घडाच्या जागी खुर्ची टांगली तर माणूस डोंगरावर नेता येईल, ही त्यांची कल्पना. चालत्या तारेवरील खुर्चीत माणूस कितपत वेगाने बसू शकेल, हे पाहण्यासाठी १९३६ च्या उन्हाळ्यात एका मालमोटारीला बाजूने खुर्ची बांधून प्रयोग करण्यात आले. बर्फ नसल्यामुळे खुर्चीची वाट पाहणारा माणूस चाकांच्या बुटांवर उभा होता. त्याच वर्षी प्रॉक्टर व डॉलर या टेकड्यांवर जगातील पहिले खुर्च्यांचे रज्जुमार्ग, म्हणजेच चेअरलिफ्ट, उभे राहिले.

या यंत्राकडे सामान्यतः सुखसोय म्हणून पाहिले जाते. वसंताच्या संदर्भात मात्र त्याचे महत्त्व याहून मोठे आहे. चांगला बर्फ तास-दोन तासच टिकतो, हे वर पाहिलेच. पायी चढणाऱ्याला त्या अवधीत एकच उतरण मिळे. रज्जुमार्गाने काही मिनिटांत वर जाणाऱ्याला तेवढ्याच वेळात अनेक उतरणी मिळू लागल्या. शिवाय आधी पूर्वेकडच्या व मग इतर बाजूंच्या उतारांवर जाऊन, म्हणजे सूर्याच्या मागोमाग फिरून, त्याला आपली सकाळ लांबवता येऊ लागली. वेळेची टंचाई हा वसंतातील बर्फाचा मूळ दोष होता. खुर्चीने तो भरून काढला. नवशिक्यालाही आता हा ऋतू मोकळा झाला. १९३९ मध्ये ९,१५० फूट उंचीच्या बाल्ड पर्वतावर रज्जुमार्ग गेल्यावर सुमारे ३,४०० फुटांची अखंड उतरण उपलब्ध झाली.

उद्घाटन ते विक्री

२१ डिसेंबर १९३६ रोजी सन व्हॅली लॉजचे उद्घाटन झाले. सुमारे पंधरा लाख डॉलर खर्चून बांधलेल्या या इमारतीच्या भिंती लाकडाच्या वाटतात, प्रत्यक्षात त्या काँक्रीटच्या आहेत. खरबरीत फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतून त्याला लाकडी रंग दिला होता. हॉलिवूडचे तारे आले, वार्ताहर आले, फक्त बर्फ आला नाही. बर्फ पडेपर्यंत पाहुण्यांनी विनामूल्य राहावे, असे हॅरिमन यांनी जाहीर केले, आणि कंपनीच्या प्रसिद्धीला त्याचा फायदाच झाला.

हंगामाचे केंद्र वसंताकडे सरकवण्यात हॅरिमन चषक शर्यतीचाही हातभार लागला. ती प्रथम मार्च १९३७ मध्ये झाली. डिक डुरान्स यांनी १९३७, १९३८ व १९४० अशी तीन वेळा ती जिंकली. त्याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, तुलनेने स्वस्त असे चॅलेंजर इन सुरू झाले आणि चित्रपट-ताऱ्यांखेरीज इतरांचीही सोय झाली.

शिक्षक बहुतेक ऑस्ट्रियन होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच त्यांच्यापैकी काहींना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक झाली. फ्रिडल फायफर हे त्यांतील एक होते. पुढे ते अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून लढले आणि युद्धानंतर ॲस्पेन येथील स्की केंद्राच्या उभारणीत अग्रभागी राहिले. १९४३ ते १९४५ या काळात लॉज नौदलाचे रुग्णालय झाले. डिसेंबर १९४६ मध्ये पाहुणे परतले, पण परिस्थिती बदलली होती. लोक मोटारीने व विमानाने फिरू लागले होते, आणि सन व्हॅलीने रूढ केलेली चेअरलिफ्ट आता ज्या डोंगरापर्यंत रस्ता आहे अशा कोणत्याही डोंगरावर उभी राहू शकत होती. रेल्वेचा प्रवासी वाढवण्यासाठी काढलेले यंत्र अशा रीतीने रेल्वेची गरजच संपवणाऱ्या स्पर्धकांच्या हाती गेले. १९६४ मध्ये कंपनीने हे केंद्र बिल जॅन्स यांना विकले आणि १९७७ मध्ये ते अर्ल होल्डिंग यांच्याकडे गेले.

पुढील काळात बर्फ निर्माण करणारी यंत्रे बसवण्यात आली. त्यामुळे १९३६ सारखी फजिती टळते आणि वसंताच्या आरंभी पायथ्याकडील उतारांवर पुरेसा थर राहतो. मार्च २०२५ मध्ये येथेच जागतिक चषक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तीत ४० वर्षांच्या लिंडसे व्हॉन यांनी सुपर-जी शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. पाहुणे आज विमानाने हेली येथील विमानतळावर किंवा मोटारीने येतात. केचमला येणारे रूळ उखडले गेले असून त्या जागेवर सायकलींसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी पक्की वाट आहे. लिफ्ट बंद होऊन बर्फ वर सरकला की मेंढ्यांचे कळप याच दरीतून उंचावरील कुरणांकडे जातात.