कोशापलीकडचा शब्द

तळेगाव दाभाड्याच्या शेजारच्या वराळ्यात आज महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत आणि मुलांच्या मोबाइलवर पाठ करायच्या इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्याही आहेत. एका बाजूला अवघड शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. यादी तोंडपाठ झाली की शेक्सपिअर आपोआप उलगडेल, असा अनेकांचा समज असतो. इंग्रजी अभिजात साहित्य वाचण्यापुरते शब्दधन मराठी माणसाने कसे मिळवावे, हा प्रश्न मात्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांनी तो वेगळ्या वाटेने सोडवला होता.

आरंभीचा मोठा कोश मराठी विद्यार्थ्यासाठी झालाच नव्हता. जेम्स मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि एतद्देशीय पंडितांच्या मदतीने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तो इंग्रज अधिकाऱ्यांना रयतेची भाषा कळावी म्हणून. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते; १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांवर गेले. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनीच आरंभला आणि थॉमस कँडी यांनी १८४७ साली पुरा केला. दहा वर्षांनी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. इंग्रजी ग्रंथ आता आपल्या मुलांच्या अभ्यासाला लागले आणि कोशाची गरज साहेबाइतकीच त्यांनाही भासू लागली.

पण कोश पुरत नाही, हे अभिजात ग्रंथ उघडताच ध्यानात येते. ‘कॉन्शन्स’ या शब्दापुढे आपण ‘सदसद्विवेकबुद्धी’ लिहितो. शेक्सपिअरच्या काळी त्या शब्दाला ‘जाणीव’, ‘मनाशी केलेला विचार’ असाही अर्थ होता. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात हा दुसरा अर्थ विसरला, तर त्याचे घुटमळणे म्हणजे केवळ पापभीरूपणा वाटू लागतो. ‘फाँड’ म्हणजे ‘आवड असलेला’ हे शाळेतले पोर सांगेल. पण म्हातारा लिअर राजा तो शब्द स्वतःला लावतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘खुळा’ असा आहे. यादीतला अर्थ इथे नुसता अपुरा पडत नाही, वाचकाला चुकीच्या वाटेला लावतो.

गंमत अशी, की या ठिकाणी मराठी मदतीला येते. ‘वेडा’ या आपल्या शब्दात बुद्धिभ्रंशही आहे आणि जीव जडणेही आहे. म्हणून ‘फाँड’चे दोन्ही अर्थ आपल्याला परके वाटत नाहीत. ‘ह्यूमर’ हा शब्दही तसाच. बेन जॉन्सनच्या नाटकांत तो विनोद या अर्थी येत नाही. शरीरातल्या चार रसांच्या कमी-अधिक प्रमाणाने माणसाचा स्वभाव ठरतो, या युरोपी वैद्यकातल्या समजुतीतून तो आला आहे. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आणि राग आला की ‘पित्त खवळले’ म्हणणाऱ्या माणसाला ही कल्पना आजच्या इंग्रजी वाचकापेक्षा कदाचित लवकर उमगेल.

जुन्या पिढीने हीच वाट धरली होती. शब्द पाठ करण्यापेक्षा तो मराठीत आणताना त्याच्याशी झुंजायचे. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ सालचा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर सुरू केले, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त याच जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. जॉन्सनने आपल्या १७५५च्या कोशात थोर लेखकांची वाक्ये देऊन शब्दांचे अर्थ दाखवले होते. शब्द वाक्यातच ओळखायचा असतो, हा धडा त्या कोशाच्या पानापानावर आहे.

आगरकरांचे उदाहरण तर ठळकच आहे. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढताना त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतले आणि पुढल्या वर्षी ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे नावच पाहा. ‘विकार’ म्हणजे मनाचा क्षोभ आणि ‘विकार’ म्हणजे रोगही. राजपुत्राचे दुःख आणि डेन्मार्कच्या राज्याला लागलेली कीड, दोन्ही त्या एका शब्दात मावतात. असा शब्द कोशात शोधून हाती येत नाही. मूळ नाटक आणि आपली भाषा दोन्ही मुरल्यावरच तो सुचतो. पुढे देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ आणि वासुदेवराव केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ रचली, तीही याच मुरण्याच्या बळावर.

या विचाराचा एक धागा मावळातही येतो. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढले. ते पुढे तळेगावला आले आणि १९१०मध्ये सरकारने बंद पाडले. विजापूरकर स्वतः इंग्रजी विद्येत वाढलेले, तरी शिक्षण मराठीतून द्यावे हा त्यांचा आग्रह होता. त्यात इंग्रजीचा द्वेष नव्हता. आपल्या भाषेत विचार पक्का झाला, तरच परक्या भाषेतले ग्रंथ अंगी लागतात, असे त्यामागचे तर्कशास्त्र मला दिसते.

म्हणून वराळ्यातल्या विद्यार्थ्याला यादी फेकून दे असे सांगण्याचे कारण नाही. तिच्याशेजारी एक वही मात्र ठेवावी. शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य, त्या काळचा अर्थ, आणि घरी आजी जो शब्द वापरील तो मराठी शब्द, एवढे तिच्यात लिहावे. दिवसाला पाच शब्द झाले तरी पुष्कळ. धोका इंग्रजी कमी येण्याचा नाहीच. इंग्रजीच्या मागे लागून मराठी शब्द हातचे सुटले, तर ‘हॅम्लेट’ समजून घ्यायला आपल्यापाशी कोणतीच भाषा उरणार नाही.