सकळ लिपी आणि तिची किल्ली

सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० या सालांचे स्मरण होते. परंतु सुरतेच्या उत्तरेस, नर्मदाकाठच्या भडोचेशी मराठी वाङ्मयाचे याहून जुने नाते आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे पंथीय परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचे पुत्र. तेराव्या शतकात त्यांनी आपला उपदेश मराठीतून केला. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी लीळाचरित्रात संग्रहित केल्या. हाच मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक होय.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांतील सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे देते. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह योजावयाचे, हे तिचे मर्म. ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. कामसूत्राच्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प आहे, आणि त्यावरील यशोधराच्या टीकेत मूलदेवीय पद्धती वर्णिली आहे. तीत अक्षरांच्या जोड्या परस्परांत बदलतात. म्हणून तीच क्रिया दोनदा केली की मूळ मजकूर परत हाती येतो.

अशा लिपीचे वैगुण्य नवव्या शतकातच अरब पंडित अल्-किंदीने दाखविले होते. चिन्ह बदलले तरी अक्षराची वारंवारता बदलत नाही. विसाव्या शतकातील यंत्रांनी हे वैगुण्य झाकण्यासाठी मजकुराचे ठोकळे पाडून त्यांवर अनेक फेऱ्यांचे संस्कार केले. १९७७ साली अमेरिकेने मान्य केलेल्या पद्धतीत ६४ अंशांचा ठोकळा, १६ फेऱ्या आणि ५६ अंशांची किल्ली होती. या किल्लीतून प्रत्येक फेरीसाठी ४८ अंशांची निराळी उपकिल्ली काढली जाई. तथापि चार किल्ल्या अशा निघाल्या की त्यांच्या सोळाही उपकिल्ल्या एकरूप! त्या वापरल्यास दोनदा संस्कार करताच मूळ मजकूर प्रकट होई. मूलदेवाचाच दोष शतकांनंतर यंत्रात अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तिचा खरा घात झाला तो किल्लीच्या आखूडपणाने: १९९८ साली एका यंत्राने सर्व शक्यता चाळीत ५६ तासांत किल्ली शोधली.

याउलट सकळ लिपी दुबळी असूनही शतकानुशतके टिकली. तिचे रक्षण गणिताने केले नाही. ते अपरिचयाने केले. ग्रंथ मठांतच राहिले आणि मराठी गद्याचा आरंभकाळ मराठी अभ्यासकांनाच अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, आणि काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. तेव्हा कोठे आपल्या वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

गुप्तता शत्रूपासून जपावयाची असते. पण किल्लीची परंपरा खंडित झाली तर ती वारसांपासूनही जपली जाते. पोथ्या सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानात ठेवावे.