सायकेडेलिक अनुभव आणि संतांची अनुभूती: दोन्ही एकच का?

एलएसडी किंवा काही रानटी मशरूममधलं सिलोसायबिन यांना सायकेडेलिक म्हणतात. ‘मीपण विरघळलं, सगळ्याशी एकरूप झालो’, असं ते घेणारे अनेकदा सांगतात. संतसाहित्यातही असं वर्णन भेटतं. म्हणून अनेकांना दोन्ही सारखंच वाटतं.

विज्ञान काय सांगतं?

हे पदार्थ मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ‘2ए’ रिसेप्टरवर काम करतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांच्या स्कॅन-अभ्यासात, स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित भागांची सक्रियता सिलोसायबिनमुळे घटलेली दिसली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2006 च्या प्रयोगात 36 जण होते. दोन महिन्यांनंतर दोन-तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत मोजला. पण तज्ज्ञ शेजारी असूनही 11 जणांना तीव्र भीती वाटली होती.

संतपरंपरा काय सांगते?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबल्या. विठ्ठल आपल्यासोबत दळतो, कामं करतो, असं त्यांच्या अभंगांत येतं. त्यांची वाट नामस्मरणाची आणि रोजच्या कष्टाची होती. क्षणभर काय दिसलं यापेक्षा त्यानंतर अहंकार कमी झाला का, वागणं बदललं का, हे वारकरी परंपरेत महत्त्वाचं.

म्हणजे दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. मेंदूत काय घडतं, हे विज्ञान मोजतं. माणूस कसा जगतो, हे परंपरा पाहते. स्कॅनवरून अनुभूती खोटी ठरत नाही, आणि नुसत्या वर्णनातल्या साम्यावरून नशा साधना ठरत नाही. ध्यान-योगही प्रयोगशाळेत तपासता येतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात त्यासाठीच कैवल्यधाम सुरू केलं.

धोतरा सायकेडेलिक आहे का?

नाही. महाशिवरात्रीला वाहिला जाणारा आणि मराठवाड्यात रस्त्याकडेला सहज उगवणारा धोतरा विषारी आहे. त्यातले अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन भ्रम घडवतात. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, छातीत धडधडतं, जीवही जाऊ शकतो. कुणी खाल्ल्याचं कळताच 108 वर फोन करावा.

कायदा काय म्हणतो?

एलएसडी आणि सिलोसायबिन बाळगणं वा सेवन करणं 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार गुन्हा आहे. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर धोका आणखी वाढतो.