विहिरीत उतरणारा सोरा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून आंग्र्यांच्या तोफा धडधडत, तेव्हा त्यांच्या दारूत गंधक, कोळसा आणि सोरा असे. सोरा हा नायट्रेटचाच एक क्षार. तो काढीत कसा? बिहारातले नोनिया लोक जुन्या वस्तीची, गोठ्याजवळची माती खरवडीत, तिच्यातून पाणी झिरपू देत आणि ते पाणी कढईत आटवीत. माती मागे राही, सोरा पाण्याबरोबर निघून येई. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या शेतात आजही तेच घडते.

पूर्वी आपली भिस्त शेणखतावर आणि मासळीच्या खतावर होती. त्यातले नत्र सावकाश सुटे. पुढे 1909 साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि 1985 साली आपल्या थळला युरियाचा मोठा कारखाना सुरू झाला. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. पीक जोमाने येऊ लागले, हे खरेच.

पण जमिनीत काय होते ते पाहा. युरियाचा आधी अमोनियम होतो. चिकणमाती त्याला धरून ठेवते. जमिनीत हवा खेळली की जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि त्याला माती धरीत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते.

भातखाचराच्या चिखलात हवा पोचत नाही. हे ओळखून डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीत चार चुडांच्या मधोमध खताची गोळी चिखलात खोचायला सांगितली. तिथे नत्र बरेच दिवस अमोनियमच राहते.

भातानंतर त्याच जमिनीत आपण पांढरा कांदा लावतो. कांद्याची मुळे उथळ. सगळा युरिया एकदम फेकून वर वाफे तुडुंब भरले, तर नायट्रेट मुळांखाली उतरते आणि हळूहळू विहीर गाठते. रेताड जमिनीत ही उतरण अधिकच लवकर होते. पैसा जातो तो वेगळाच.

आणि विहिरीचे पाणी घरातही येते ना! 1945 साली अमेरिकेत डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी दाखवले, की अशा पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ही मुले निळी पडतात. त्यांचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होते. नोनियांची कढई आठवा!

तेव्हा युरिया दोन-तीन हप्त्यांत द्या, पाणी हलके द्या, घातलेल्या शेणखताचे नत्रही हिशेबात धरा. आणि गुरुजी, शाळेच्या विहिरीचे पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून आणा. वास, रंग, चव यांवरून हा सोरा कोणाला ओळखता येत नाही.